तळकाडचे वाळवंट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ते काम आमच्याहून अधिकारी व्यक्ती स्मरणिकेसाठी करीतच आहेत. कार्यकारिणीने आम्हांस विषयाची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही एक लहानसा विषय निवडला. गेल्या हिवाळ्यात मंडळाने एका दिवसाची सहल काढली होती. तिच्याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. सहलीचे वर्णन ऐकावयास कोणी सभागृहात येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या दिवशी जे पाहिले व ऐकले, ते आपणां परप्रांतात स्थायिक झालेल्यांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे.

आपल्या मंडळात कोकणातली माणसे थोडी, देशावरची अधिक. पुळणीची ओढ मात्र साऱ्यांना सारखीच. ज्याचे बालपण गुहागर-मालवणकडे गेले, त्याला ती आठवणींमुळे असते. ज्याचे नगर-सोलापूरकडे गेले, त्याला ती शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलेल्या समुद्रामुळे असते. म्हैसुरात राजवाडा आहे, चामुंडीचा डोंगर आहे, तळी आहेत, सावलीचे रस्ते आहेत. समुद्र तेवढा नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसलेले. पश्चिमेला केरळातील कण्णूरचा किनारा आहे, पण तो सह्याद्री उतरून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. कोळिकोडकडे जावे, तर बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पातून जाणारा रस्ता रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत बंद असतो. लहान मुले आणि सत्तरी ओलांडलेली माणसे बरोबर घेऊन एका दिवसात समुद्र पाहून येणे हा आमच्या मंडळाच्या आवाक्यातला उद्योग नव्हे.

तरीही सहल समितीच्या बैठकीत मागणी आली ती समुद्रकिनाऱ्याचीच, आणि अटी कशा, तर किनारा शांत असावा, माणसांची वर्दळ नसावी, मागे दाट झाडी असावी, वाळू स्वच्छ असावी, आणि रात्री आठच्या आत सर्वांना घरी परतता यावे. एवढ्या अटी मुलीच्या लग्नातही कोणी घालीत नाही! अखेर म्हैसुरातच जन्मलेल्या, येथल्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने तोड सुचवली. ‘काका, तळकाडला जाऊ. तिथे बीच आहे, झाडी आहे, आणि पंचेचाळीस किलोमीटरच आहे.’ यावर अलिबागकडच्या एका आजींनी लगेच हरकत घेतली. ‘अरे, नदीला कुठली पुळण? पुळण समुद्राला असते. नदीला वाळवंट असते.’

आजींचे म्हणणे भाषेच्या दृष्टीने अगदी यथार्थ होते. आज वाळवंट म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे राजस्थान आणि उंट उभे राहतात. परंतु आपल्या वारकऱ्यांना वाळवंट ठाऊक आहे ते चंद्रभागेचे. पंढरपूरला भीमेच्या पात्रातली ती वाळू हीच शेकडो वर्षे कीर्तनाची जागा होती. तेथे जमिनीची मालकी कोणाची नव्हती, म्हणून तेथे सर्वांना उभे राहता आले. आणि ज्या विठ्ठलासाठी ही माणसे वाळवंटात जमली, त्याला आपले संत ‘कानडा’ म्हणत आले. तेव्हा कर्नाटकातल्या नदीचे वाळवंट पाहावयास जाणे हे मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही, असे आम्ही बैठकीत सांगितले आणि तळकाड ठरले.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला भाड्याची बस निघाली. थालीपिठे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी यांचे डबे, दोन चटया आणि क्रिकेटची एक बॅट, असा सरंजाम होता. शहर मागे पडल्यावर भातखाचरे, उसाचे मळे आणि नारळीची झाडे सुरू होतात. टी. नरसीपूर येथे कपिला, जिला कबिनी असेही म्हणतात, ती कावेरीला मिळते. तिसरी नदी गुप्त रूपाने येथे आहे अशी श्रद्धा असल्यामुळे गावाचे जुने नाव तिरुमकूडलु, म्हणजे तीन प्रवाहांचा पवित्र संगम. १९८९ पासून येथे दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरविण्याचा प्रघात पडला आहे. नाशिककडच्या मंडळींना हे ऐकून मोठे कौतुक वाटले.

त्यांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपणांसही सांगतो. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. कावेरी उगम पावते कोडगूमधील तलकावेरीला, आणि त्या डोंगराचेही नाव ब्रह्मगिरीच. दोघीही सह्याद्रीच्या लेकी. पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना दोघीही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला शेकडो कोस चालत जातात. स्नानाच्या वेळी ज्या सात नद्यांची नावे आपण लहानपणापासून घेत आलो, त्यांत या दोघी एकाच श्लोकात आहेत. म्हैसूरच्या नळाला आपण जे पाणी पितो ते कावेरी-कपिलेचे आहे. म्हणजे या नदीशी आपले नाते सहलीपुरते नाही, रोजच्या तांब्याचे आहे.

तळकाडला पोहोचलो तेव्हा नदीकाठचे पहिले दर्शन अपेक्षाभंग करणारे होते. कावेरी येथे मोठे वळण घेते, आणि वळणाच्या आत पांढरट-पिवळ्या वाळूचा रुंद पट्टा पसरला आहे. पण त्या रविवारी त्याच्यावर सारा तालुका लोटला होता. कोठे कर्णा लावलेला, कोठे मासे तळण्याचा वास, कोठे टोपलीसारख्या गोल नावांत बसण्यासाठी लागलेली रांग. या नावेला कानडीत हरिगोलु म्हणतात. मुले पाण्याकडे धावली, वडील मंडळी त्यांच्यामागे धावली. शांत किनारा म्हणून ज्यांनी आग्रह धरला होता, ते समितीकडे पाहू लागले.

तेव्हा आम्ही काही जण गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना वाट दाखविण्यासाठी बरोबर घेऊन वैद्येश्वराच्या देवळामागून वाळूच्या टेकड्यांवर चढलो. येथे वडीलधाऱ्या माणसाला आदराने ‘यजमानरे’ म्हणण्याची रीत आहे. आम्हीही त्यांना तसेच म्हणत होतो. पायांतले जोडे हातांत घेतले. पाचच मिनिटांत कर्ण्याचा आवाज विरला. दोन्ही बाजूंना नीलगिरीची उंच झाडे, खाली वाळूवर पडलेली वाळकी पाने, मध्येच काटेरी झुडपे, आणि झाडांच्या फटींतून दूरवर चकाकणारे पाणी. पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतत होते. पाखरांखेरीज आवाज नव्हता. अलिबागच्या आजी एका झाडाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, ‘सुरूच्या बनात बसल्यासारखं वाटतं हो.’ जे शोधावयास आम्ही निघालो होतो, ते सापडले होते.

बंधुभगिनींनो, सहलीचे वर्णन येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु त्याच वाटेने आणखी थोडे पुढे गेल्यावर जमीन एकाएकी खाली जाते. पुढे पाहतो तो खोल खड्डा, खड्ड्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि तळाशी एक संपूर्ण देऊळ. ते कीर्तिनारायणाचे मंदिर. त्याच्या शिखराच्या पातळीवरून आम्ही चालत होतो. ज्याला आम्ही निवांत रान समजत होतो, ते एका शहराच्या छपरावर साठलेल्या वाळूचे रान होते.

तळकाड हे लहान गाव नव्हते. संस्कृत लेखांत त्याचे नाव दलवनपुर असे येते. पाचव्या शतकाच्या सुमारास गंग राजांनी आपली राजधानी कोलारहून येथे आणली, आणि पुढे पाचशे वर्षे ती येथे राहिली. सुमारे १००४ मध्ये चोळांनी तळकाड जिंकून त्याचे राजराजपुर केले. त्यानंतर शंभर-एक वर्षांनी होयसळ विष्णुवर्धनाने ते चोळांकडून घेतले, ‘तळकाडुगोंड’ म्हणजे तळकाड घेणारा ही पदवी धारण केली, आणि विजयाचे स्मारक म्हणून १११७ मध्ये हे कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले. पुढे विजयनगर आले, त्यानंतर म्हैसूरचे वडेयर आले. इतक्या राजवटी पाहिलेल्या या शहरातली तीसहून अधिक देवळे वाळूखाली आहेत असे सांगतात. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मुडुकुतोरेच्या टेकडीवरचा मल्लिकार्जुन ही पाच शिवस्थाने मिळून पंचलिंग. कार्तिकातली सोमवती अमावास्या विशिष्ट नक्षत्रयोगावर आली म्हणजे पंचलिंगदर्शनाची यात्रा भरते. अलीकडची अशी दर्शने २०१३ आणि २०२० मध्ये झाली. यात्रेपूर्वी देवळांवरची वाळू उपसून काढावयाची, आणि यात्रेनंतर वाऱ्याने ती पुन्हा आणून टाकावयाची, हा क्रम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

ही वाळू आली कोठून? याचे उत्तर म्हैसूर प्रांतातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे, ते म्हणजे अलमेलम्माचा शाप. श्रीरंगपट्टणला विजयनगरचा प्रतिनिधी श्रीरंगराय राज्य करीत होता. अलमेलम्मा ही त्याची पत्नी. श्रीरंगराय दुर्धर फोडाने आजारी पडला आणि तळकाडच्या वैद्येश्वराच्या चरणी आला. १६१० मध्ये श्रीरंगपट्टण म्हैसूरच्या राज वडेयरांच्या हाती गेले. कोणी म्हणतात ते स्वखुशीने सोपविले, कोणी म्हणतात बळाने घेतले. पतीच्या मागे अलमेलम्माकडे जे दागिने राहिले, ते रंगनायकी देवीच्या अंगावर चढत असत. ते राजाने मागितले. शिपाई मागे लागले तेव्हा तिने मालंगीसमोर कावेरीत उडी घेतली, आणि बुडण्यापूर्वी तीन शाप दिले. तळकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो. म्हैसूरच्या घराण्यात पुढे वारंवार दत्तक घ्यावे लागले, हे आपण जाणतोच. अलीकडचे दत्तकविधान २०१५ मध्येच झाले. विशेष हे की, ज्या राजवाड्याला तिने शाप दिला, त्याच राजवाड्यात अलमेलम्माची मूर्ती असून तिची पूजा होते. आपण ज्याचा एवढा थाट पाहतो, तो दसरासुद्धा राज वडेयरांनी त्याच १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केला. एकाच राजाच्या कारकिर्दीत उत्सवाचा आणि शापाचा असा दोहोंचा आरंभ झाला.

आता अभ्यासक काय म्हणतात ते पाहू. नदी वळण घेते तेव्हा आतल्या बाजूला तिचा वेग मंदावतो व वाळू साठते. बाहेरच्या बाजूला वेग वाढतो, काठ खरवडला जातो व डोह पडतात. म्हणजे एका काठाची वाळू आणि दुसऱ्या काठाचा डोह हे एकाच वळणाचे दोन परिणाम. याच्या जोडीला विजयनगरच्या काळात या परिसरात कावेरीवर माधवमंत्र्याचा बंधारा झाला. बंधाऱ्याने पाणी अडविले व कालव्यात वळविले. नदीचे पात्र उघडे पडू लागले. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा ती मोकळी वाळू उचलून काठावरच्या शहरावर लोटू लागला. काठावरची मूळ झाडी तुटली असेल तर त्या वाऱ्याला अडवणारेही काही उरले नाही. हे सर्व एका दिवसात घडले नाही. ते शाप उच्चारला जाण्याच्या आधीपासून सुरू होते आणि नंतरही चालू राहिले.

बी. एल. राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरचे गॅझेटियर लिहिले. त्यात तळकाडच्या वाळूच्या टेकड्या सुमारे मैलभर लांब असल्याची नोंद आहे. या टेकड्या वर्षाला नऊ-दहा फूट गावाकडे सरकत, मुख्यतः पावसाळी वाऱ्याने, आणि लोकांना घरे सोडून मागे मागे सरकावे लागे. त्याच नोंदीत पुढे असेही आहे की, गावाची वस्ती मात्र वाढत होती, कारण माधवमंत्र्याच्या बंधाऱ्याच्या कालव्यामुळे भोवती उत्तम बागायत पिकत होती.

या दोन नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे मन थबकते. ज्या बंधाऱ्याने वाळू मोकळी केली असे म्हणतात, त्याच बंधाऱ्याने शेत पिकविले. ज्याने घर गाडले त्यानेच ताट भरले. यात गुन्हेगार कोणाला ठरवावयाचे? बंधारा बांधणाऱ्याचा हेतू तर चांगलाच होता. आम्ही उभा जन्म सरकारी कचेरीत काढला. सद्हेतूने केलेल्या कामाची फळे तीन पिढ्यांनंतर कोणाच्या दारात येऊन पडतील, हे कोणत्याही फायलीवर लिहिलेले नसते. लोकांनी मात्र आपल्या परीने ते लिहून ठेवले. त्यांनी ते एका अन्याय झालेल्या स्त्रीच्या तोंडी घातले, म्हणून चार शतके कोणी विसरले नाही. शापाची कथा खरी की खोटी, हा प्रश्न आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. घडलेल्या दुःखाची ती गावाने ठेवलेली नोंद आहे, आणि नोंद म्हणून ती चोख आहे.

आमच्याबरोबरच्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने यजमानांना कानडीत विचारले, ‘मग ती माणसं कुठे गेली?’ यजमानांनी वाळूच्या टेकडीकडे बोट केले. ‘आमच्या आजोबांच्या आजोबांचं घर तिकडे होतं, असं घरात सांगायचे. वाळू आली की घर मागे न्यायचं. दारं-खिडक्या काढायच्या, तुळया काढायच्या, मागे जाऊन पुन्हा उभं करायचं. माणसं कुठेच गेली नाहीत, बाळ. इथेच आहेत, थोडी मागे.’ हे त्यांनी दुःखाने सांगितले नाही, की अभिमानानेही नाही. आपण म्हणतो ना, पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात, तितक्या साधेपणाने सांगितले. आमच्यातल्या मोठ्या माणसांपैकी कोणी काही बोलले नाही. आपण सारे आपापल्या गावातून निघालो ते नोकरीसाठी, बदलीसाठी, व्यवसायासाठी; घर सोडण्याची ही दुसरी रीत, एकेक पाऊल मागे सरकत गाव न सोडण्याची, आपल्या माहितीत नव्हती.

आणि त्या रानाचे म्हणाल, तर तेही रान नव्हे. नीलगिरी हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे झाड. ते तेथे आपोआप उगवलेले नाही. माणसानेच लावलेले आहे, आणि अशा लागवडीनेच उडती वाळू जागेवर बसते. आजींना ज्या सुरूच्या बनाची आठवण झाली, ते सुरूही परदेशी झाड. १८६८ च्या सुमारास ते कारवारच्या किनाऱ्यावर लावले गेले, आणि पुढे किनाऱ्यांवर वारा व वाळू अडविण्यासाठी त्याचा प्रसार झाला. आज सुरूशिवाय कोकणचा किनारा आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. बाहेरून आलेले झाड वाळू धरून उभे राहिले आणि पिढी-दोन पिढ्यांत त्या किनाऱ्याचेच होऊन गेले. परप्रांतात राहणाऱ्या माणसाने या झाडाकडे जरा आदराने पाहावे, एवढेच आम्ही म्हणतो.

आता आपल्या भाषेशी संबंध असलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. मराठीच्या इतिहासात श्रवणबेळगोळच्या शिलालेखाचे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकले आहे. गोमटेश्वराच्या विशाल मूर्तीच्या पायांशी नागरी लिपीत दोन छोट्या मराठी ओळी आहेत. त्याच मजकुराचे लेख कानडीत व तमिळमध्येही आहेत. एका ओळीत ही मूर्ती चामुंडराजाने करविली असे म्हटले आहे. दुसरीत गंगराजाने सुत्ताले, म्हणजे मूर्तीभोवतीचे आवार, करविले असे आहे. परीक्षेपुरते आपण हे पाठ केले. पण हे दोघे कोण? चामुंडराय हा गंग राजा राचमल्ल याचा मंत्री, आणि गंगांची राजधानी तळकाड. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, ज्याने चोळांकडून तळकाड हिसकावून घेतले. म्हणजे आपण शाळेत घोकलेल्या त्या दोन्ही मराठी ओळींचे धागे येऊन पोहोचतात ते या वाळूखालच्या शहराशी.

हा आद्य मराठी लेख होय की नव्हे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मूर्ती ९८१ ते ९८३ च्या सुमाराची आहे. लेख मात्र १११७-१८ च्या सुमारास कोरला असावा असे अनेकांचे मत आहे, आणि आद्यत्वाचा मान ते अलिबागजवळच्या आक्षी गावातील शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ च्या लेखाला देतात. आक्षी हे समुद्रकाठचे गाव. हे ऐकताच आमच्या आजींची मुद्रा अशी खुलली की, जणू तो लेख त्यांच्याच माहेरच्या ओटीवर कोरला होता! मान कोणाला का मिळेना, एक गोष्ट स्पष्ट आहे. नऊशे वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या दक्षिण भागातल्या एका डोंगरावर कोणीतरी असे मानले की, येथे मराठी वाचणारी माणसे येतील, आणि त्यांच्यासाठी दोन ओळी त्यांच्या भाषेत असाव्यात. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. त्या दोन ओळी आपल्या नऊशे वर्षे आधी येथे येऊन बसल्या आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

आता व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. स्मरणिका हाती घेऊन ज्या मंडळींना तळकाडला जावेसे वाटेल, त्यांच्यासाठी त्या सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. मालंगीचा डोह होवो या शापाचा अर्थ आजही जिवंत आहे. या वळणावर कावेरी दिसते उथळ आणि शांत, परंतु एका पावलावर गुडघाभर पाणी असते आणि पुढच्याच पावलावर पायाखाली तळ नसतो. वरच्या धरणांतून पाणी सोडले म्हणजे ओढ वाढते. तेथे बुडून तरुण मुले गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. मुलांना पाण्याच्या कडेवरच खेळू द्यावे, स्थानिक माणूस नको म्हणेल तेथे पाय टाकू नये. पोहता येते म्हणून समुद्रावर जो विश्वास असतो, तो नदीवर ठेवू नये.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. वाळूखाली देवळे आहेत, त्या वाळूवर आपण पत्रावळी आणि बाटल्या टाकून येतो. आमच्या तरुणांनी त्या दिवशी आपला आणि शेजारच्यांचाही कचरा गोळा करून परत आणला. त्यासाठी कोणी भाषण केले नाही, म्हणून ते काम झाले.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. कोठेही गेलो तरी त्या गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घ्यावे, त्याच्याशी कानडीत बोलावे, आणि गावाला काय सोसावे लागले ते विचारावे. केंद्र सरकारच्या नोकरीत आम्ही अनेक गावांची प्रेक्षणीय स्थळे पाहिली. त्यांची छायाचित्रे घरात आहेत. ती गावे मात्र आमची झाली नाहीत. एखाद्या घराशी सोयरीक जमते तेव्हा आपण त्या घराचा दिवाणखाना पाहून थांबत नाही. त्या घरात काय काय होऊन गेले ते हळूहळू कळते, आणि मग ते घर आपले होते. प्रदेशाचेही तसेच असते. तळकाडला आम्ही शांत पुळण शोधावयास गेलो. ती शांतता कशाची आहे हे कळले, तेव्हा म्हैसूर आम्हांस पूर्वीपेक्षा अधिक आपले वाटू लागले.

आपली मुले येथे जन्मली. ती कानडी आपल्याहून शुद्ध बोलतात, आणि त्यांनीच आपणांस तळकाडची वाट दाखवली. ‘आपल्याकडे’ हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा आपल्या मनात महाराष्ट्र असतो. त्यांच्या मनात काय असते, हे आपण एकदा विचारून पाहावे. त्यांना दोन्ही नद्या मिळाव्यात, एकीसाठी दुसरी सोडावी लागू नये, यासाठी मंडळासारखी संस्था असते. म्हणून कार्यकारिणीला आमची एक सूचना आहे. दर वर्षी एक दिवस मुलांना घेऊन अशा एका स्थळी जावे. एका वर्षी श्रवणबेळगोळला त्या दोन ओळी दाखवाव्यात, एका वर्षी सोमनाथपूरला १२५८ चे केशवमंदिर पाहावे, एका वर्षी शिवनसमुद्रला जाऊन १९०२ पासून ज्याने कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरविली ते केंद्र पाहावे. तेथे एक तास मराठीत आणि एक तास कानडीत त्या जागेविषयी बोलणे व्हावे. यास फार खर्च येत नाही. बसचे भाडे आणि डब्यातल्या दशम्या एवढेच लागते.

आपण हे इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. अलिबागच्या आजी समोरच बसल्या आहेत; तळकाडला पुळण म्हणावे की वाळवंट, याचा निवाडा त्यांनी अद्याप दिलेला नाही, तो भोजनाच्या वेळी त्यांच्याकडून घ्यावा. मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.